मधल्या भाषेबद्दल माझं मत का बदललं

कंपायलरच्या पोटात जी मधली भाषा असते, ती जितकी आखूड तितकी चांगली, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. प्रोग्रॅमर वरच्या बाजूला रस्ट किंवा सी लिहितो, खाली प्रोसेसर आपल्या आज्ञा चालवतो. या दोघांच्या मधलं रूप ही कंपायलर लिहिणाऱ्यांची खासगी सोय आहे, आपल्याला तिच्याशी काय देणंघेणं, असं मी म्हणायचो. रस्टच्या कंपायलरमध्ये साध्या बेरजेच्या तीन ओळी होतात, प्रत्येक फंक्शन कॉलला ब्लॉक संपतो, बॉरोचे चार-पाच प्रकार वेगवेगळे नोंदवले जातात, हा सगळा मला फापटपसारा वाटायचा. आज मी नेमकं उलट म्हणतो. भाषा जे वचन देते ते मधल्या रूपात अक्षरशः लिहिलेलं असलं पाहिजे, मग ओळी कितीही वाढोत. मत का फिरलं हे मी तपशिलात सांगणार आहे, कारण जुन्या मतामागची कारणंही बिनबुडाची नव्हती.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. मी मालवणजवळच्या गावात राहतो आणि छोट्या यंत्रांचं फर्मवेअर लिहितो. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेल्यावर इथे विजेविना दिवस काढलेले लोक आहेत. इन्व्हर्टरवर काम करणाऱ्याला कंपाइलच्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब असतो, आणि रस्टचा कंपायलर वेळ खातो ही तक्रार सगळ्या जगाची आहे. मधल्या रूपात ओळी वाढल्या की काम वाढणार, काम वाढलं की वेळ वाढणार, असं सरळ गणित मी मांडलं होतं.

दुसरं कारण शिक्षणातलं. महाराष्ट्रात ज्यांनी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं त्यातल्या असंख्य जणांना कंपायलरची ओळख प्रा. धनंजय धामधेरे यांच्या पुस्तकांतून झाली. मधलं रूप कशाला हवं, याचं परीक्षेतलं उत्तर ठरलेलं असायचं. भाषा पाच आणि प्रोसेसर चार असतील, तर जोडीजोडीने वीस कंपायलर लिहावे लागतील. मध्ये एक समान रूप ठेवलं तर पाच पुढचे भाग आणि चार मागचे भाग मिळून नऊवर काम भागतं. उत्तर बरोबरच आहे. पण त्यातून माझ्या डोक्यात एवढंच बसलं की मधलं रूप म्हणजे श्रम वाचवायची युक्ती. त्याच अभ्यासक्रमात पुढे डेटा फ्लो ॲनालिसिस यायचं. कुठला व्हेरिएबल कुठपर्यंत ‘जिवंत’ आहे, म्हणजे त्याची किंमत पुढे कुठे तरी वाचली जाणार आहे का, हे त्यात शोधायचं असतं. तेही मी कोड वेगवान करण्याचं साधन म्हणूनच शिकलो.

या विषयात मुंबईच्या आयआयटीचं काम मोठं आहे. प्रा. उदय खेडकर आणि धामधेरे यांचा बिट व्हेक्टर डेटा फ्लो ॲनालिसिसच्या सर्वसाधारण सिद्धांतावरचा शोधनिबंध १९९४ चा. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे या तिघांचं ‘डेटा फ्लो ॲनालिसिस’ हे पुस्तक २००९ मध्ये आलं. त्याच संस्थेच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसीसारखा अवाढव्य कंपायलर विद्यार्थ्यांसाठी उलगडून दाखवला. हे सगळं माहीत असूनही माझ्या लेखी तो कंपायलरवाल्यांचा प्रांत होता. प्रोग्रॅम बरोबर की चूक याचा निवाडा या गणिताने व्हावा, हे कधी मनात आलं नव्हतं.

रस्टमध्ये तेच झालं. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तेव्हा कंपायलर वरच्या वाक्यरचनेच्या झाडावरून जवळजवळ थेट एलएलव्हीएम या मागच्या भागाच्या रूपात उतरायचा. त्याच वर्षी रस्टच्या चमूतल्या निको मॅटसाकिस यांनी मध्ये आणखी एक रूप घालायचा प्रस्ताव मांडला. त्याचं नाव मिड-लेव्हल आयआर, म्हणजे एमआयआर. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, १.१२ आवृत्तीपासून, ते सगळ्यांसाठी लागू झालं. त्यात फॉर, व्हाइल, मॅच यांपैकी काही शिल्लक राहत नाही. उरतात ते छोटे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये सरळ एकामागून एक चालणाऱ्या ओळी, आणि शेवटी एकच आज्ञा जी पुढे कुठे जायचं ते सांगते. प्रोग्रॅममधल्या सगळ्या वाटा त्यात उघड दिसतात.

आता बेरजेचं उदाहरण जवळून पाहू. मालवणात मासळीसाठी बर्फाच्या आणि शीतगृहाच्या खोल्या आहेत. अशा खोलीचं तापमान नोंदवणारं यंत्र आमच्या टेबलावर चाचणीला होतं. तापमान अंशाच्या शंभराव्या भागात, सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ठेवलेलं. उणे पाच अंश म्हणजे उणे ५००. बारा नोंदींची बेरीज करून सरासरी काढायची. थंडीत बेरीज उणे ६,००० येते, सगळं ठीक. पण यंत्रणा बंद पडून खोली २८.५० अंशांवर गेली, तर एक नोंद २,८५० ची आणि बारांची बेरीज ३४,२०० होते. सोळा बिटांत मावणारा मोठ्यात मोठा आकडा ३२,७६७. बेरीज गुंडाळली जाऊन उणे ३१,३३६ होते, आणि तिला बाराने भागलं की पडद्यावर उणे २६.११ अंश उमटतात. खोली तापलेली, मासळी खराब होतेय, आणि यंत्र सांगतंय की सगळं गोठलेलं आहे. ज्या एका प्रसंगासाठी ते यंत्र लावायचं, नेमक्या त्याच प्रसंगी ते उलटं बोलणार. चाचणीच्या बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबला आणि ओव्हरफ्लो झाल्याचं सांगितलं, म्हणून ही गोष्ट टेबलावरच कळली.

तो थांबला कसा, हे पाहायला मी त्या फंक्शनचं एमआयआर छापून घेतलं. बेरजेच्या तीन ओळी होत्या. पहिलीत बेरीज होते आणि उत्तर जोडीने येतं: एक आकडा, आणि तो मावला की नाही हे सांगणारा एक बिट. दुसरी ओळ ॲसर्टची, आणि ती ब्लॉकची शेवटची आज्ञा. बिट ‘मावला नाही’ म्हणत असेल तर पॅनिकच्या, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या, वाटेने जा, नाहीतर पुढच्या ब्लॉकला जा. पुढच्या ब्लॉकमध्ये तिसरी ओळ: जोडीतला आकडा काढून व्हेरिएबलमध्ये ठेव. रिलीज बिल्डमध्ये एरवी यांतली ॲसर्ट गायब होते आणि साधी, गुंडाळणारी बेरीज उरते. दोन्ही बिल्डमधला फरक माझ्यासमोर लिहिलेला होता.

माझा जुना आक्षेप असा होता की एलएलव्हीएमकडे ओव्हरफ्लोसह बेरीज करायची सोय आयतीच आहे. मग वर ही तीन ओळींची मांडणी कशाला? त्या कागदावर उत्तर मिळालं. पॅनिक ही प्रोग्रॅममधली खरीखुरी वाट आहे. त्या वाटेवरही फाइली बंद व्हायच्या असतात, मेमरी परत द्यायची असते. रेफरन्सचे नियम तपासणाऱ्या बॉरो चेकरला ती वाट दिसली नाही तर त्याचा निकाल अर्धवट राहतो. तपासणी खाली एलएलव्हीएममध्ये ढकलली, तर बॉरो चेकरचं काम आटोपल्यानंतर प्रोग्रॅमला नवी वाट फुटणार. म्हणून बेरजेचं फाट्यावर येणं वरच लिहायला हवं.

सी मध्ये काय होतं ते आठवलं की हे अधिक पटतं. चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो सी च्या प्रमाणानुसार ‘अनडिफाइन्ड’ आहे. जीसीसीच्या गिम्पल या मधल्या रूपात बेरजेचं चिन्ह एकच असतं. ती बेरीज गुंडाळायची की तसं कधी होणारच नाही असं धरायचं, हे टाइपवर आणि कंपाइल करताना दिलेल्या पर्यायावर ठरतं. त्यामुळे ‘अ अधिक शंभर हे अ पेक्षा लहान आहे का’ अशी सुरक्षेसाठी लिहिलेली तपासणी ऑप्टिमायझर नियमात राहूनच पुसून टाकू शकतो. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर साधारण ३७ सेकंदांत हातातून गेलं. तिथे चौसष्ट बिटांचा दशांश आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात घालताना तो मावला नव्हता. भाषा वेगळी, यंत्रणा वेगळी, पण प्रश्न तोच: न मावणाऱ्या आकड्याचं काय करायचं हे कोणी, कुठे लिहून ठेवलं आहे?

बॉरोच्या बाबतीत माझं मत सोडायला जास्त वेळ लागला. रस्टमध्ये एखाद्या डेटाचा रेफरन्स घेतला की तो उसना घेतल्यासारखा असतो. उसना असेपर्यंत मूळ मालकाला त्यात मनमानी फेरफार करता येत नाही. सुरुवातीच्या रस्टमध्ये हा बॉरो बहुतेक वेळा महिरपी कंस बंद होईपर्यंत धरला जायचा, मग शेवटचा वापर दहा ओळी आधी झालेला का असेना. मला तेच न्याय्य वाटायचं. कंस डोळ्यांना दिसतो. नियम दिसणाऱ्या खुणेवर असावा, पोटातल्या गणितावर नसावा.

आमच्या जिल्ह्यात हापूसची बाग हंगामापुरती कराराने देतात. घेणाऱ्याने शेवटचा आंबा उतरवून पेट्या भरून नेल्या, त्याचं बागेत काही उरलं नाही, तरी केवळ कागदावरची तारीख आली नाही म्हणून मालकाने झाडांना खत घालायचं नाही, असा हट्ट कोणी धरला तर त्याला काय म्हणावं? मालकाचा हात अडवायला कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे दुसऱ्याचा शिल्लक असलेला वापर. वापर संपला की अडवणूकही संपली पाहिजे. जुना बॉरो चेकर हा हट्ट रोज धरत होता, आणि आम्ही त्याचं समाधान करायला उगाच जास्तीचे कंस घालत होतो.

नव्या पद्धतीचं नाव नॉन-लेक्सिकल लाइफटाइम्स. ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये १.३१ आवृत्तीत, रस्ट २०१८ बरोबर आली. २०२२ च्या १.६३ मध्ये सगळ्या जुन्या कोडसाठीही स्थलांतर पूर्ण झालं. तिचा गाभा कॉलेजात शिकलेलंच ते लाइव्हनेस ॲनालिसिस आहे. बॉरो कुठपर्यंत चालू? ज्या व्हेरिएबलमध्ये तो रेफरन्स आहे तो जिथपर्यंत जिवंत आहे तिथपर्यंत. हे गणित करायला वाटांचा आलेख लागतो, आणि वाक्यरचनेच्या झाडावर तो नीट मिळत नाही. एमआयआरमध्ये तो तयारच असतो. जे गणित मी गती वाढवण्याचं साधन समजत होतो, तेच इथे कायदा झालं. माझ्या मतपरिवर्तनात याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

याच ठिकाणी माझा आणखी एक विरोध होता, तो दोन टप्प्यांच्या बॉरोला. समजा, एका यादीच्या शेवटी त्या यादीचीच लांबी घालायची आहे. एका ओळीत लिहिलं तर ‘पुश’साठी यादीचा बदल करू देणारा बॉरो आधी घेतला जातो, आणि तो हातात असतानाच ‘लेन’साठी दुसरा, वाचनापुरता बॉरो लागतो. नियम काटेकोर लावला तर ही ओळ नापास. मी म्हणायचो, नापास होऊ दे. लांबी आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि मग पुश करा. अपवाद केला की नियम पातळ होतो. पण एमआयआरमध्ये पाहिलं तर त्या पहिल्या बॉरोवरच ‘दोन टप्प्यांचा’ अशी नोंद असते. आधी तो फक्त राखून ठेवला जातो. पुशचा प्रत्यक्ष कॉल येतो तेव्हा तो चालू होतो. मधल्या काळात वाचायला हरकत नाही. ही सवलत मेथड कॉलमध्ये कंपायलर आपणहून घेतो त्या बॉरोसारख्या मोजक्या जागीच मिळते. अपवाद आहे, पण तो नावानिशी लिहिलेला आणि कुंपण घातलेला आहे. लिहून ठेवलेल्या अपवादावर वाद घालता येतो. तसा तो झालाही: राल्फ युंग आणि सहकाऱ्यांनी रेफरन्सच्या नियमांचं ‘स्टॅक्ड बॉरोज’ हे प्रारूप मांडलं, त्यात हे दोन टप्पे सहज बसेनात, आणि पुढच्या ‘ट्री बॉरोज’ प्रारूपाने त्यांना नीट जागा दिली.

फर्मवेअरमध्ये भिडणारी तिसरी गोष्ट म्हणजे कच्चा पॉइंटर. सेन्सरकडून येणाऱ्या पॅकेटमध्ये बाइट्स एकाला एक चिकटून असतात, त्यामुळे चार बाइट्सचा एखादा आकडा विषम पत्त्यावर येतो. रस्टचा रेफरन्स मात्र वचन देतो की पत्ता योग्य पटीत आहे आणि तिथला डेटा वैध आहे. पूर्वी कच्चा पॉइंटर हवा असला तरी आधी रेफरन्स बनवून मगच तो मिळायचा. म्हणजे क्षणभर का होईना, खोटं वचन द्यावं लागायचं. एमआयआरमध्ये ‘रेफरन्स घे’ आणि ‘कच्चा पत्ता घे’ या दोन वेगळ्या क्रिया झाल्या. वर प्रोग्रॅमरला त्यासाठी २०२१ मध्ये १.५१ आवृत्तीत मॅक्रो आणि २०२४ मध्ये १.८२ आवृत्तीत स्वतंत्र लेखनपद्धती मिळाली. आधी खाली फरक नोंदवला गेला, मग वर तो लिहिता आला.

फंक्शन कॉलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा तोच आहे. कॉल ही इतर ओळींसारखीच एक ओळ, असं मी धरून चालत होतो. एमआयआरमध्ये कॉल नेहमी ब्लॉकच्या शेवटी असतो, कारण कॉल परत येईलच याची खात्री नसते. परत आला तर कुठल्या ब्लॉकला जायचं, उत्तर कुठल्या जागेत ठेवायचं, मध्येच पॅनिक झालं तर आवराआवर कुठे करायची, हे त्याच आज्ञेत लिहिलेलं असतं. प्रत्येक आर्ग्युमेंटपुढे ‘कॉपी’ की ‘मूव्ह’ हेही असतं. मूव्ह केलेल्या वस्तूचा आवराआवरीचा भार कॉल करणाऱ्यावर राहत नाही. एखादी वस्तू एका वाटेने दिली गेली आणि दुसऱ्या वाटेने हातातच राहिली, तर शेवटी ती साफ करायची की नाही हे सांगणारं चिन्ह ठेवावं लागतं. रस्टच्या सुरुवातीच्या काळात हे चिन्ह त्या वस्तूच्या पोटातच असायचं आणि त्यामुळे वस्तूचा आकार वाढायचा. एमआयआर आल्यावर कंपायलर वाटा पाहून ठरवतो की चिन्ह लागतं का, आणि लागलंच तर ते बाहेर, फंक्शनच्या स्टॅकवर ठेवतो. उघडपणे लिहिल्याने ओळी वाढल्या आणि मेमरी वाचली.

मग इन्व्हर्टरच्या हिशोबाचं काय? तोही मी धरला तसा सरळ नव्हता. एमआयआर हे जेनेरिक फंक्शनचं रूप असतं. वेगवेगळ्या टाइपसाठी त्याच्या प्रती निघण्याआधीचं. तिथे एकदा केलेली छाटणी प्रत्येक प्रतीच्या उपयोगी पडते आणि एलएलव्हीएमचं ओझं हलकं होतं. शिवाय मिरी नावाचा इंटरप्रिटर एमआयआर थेट चालवून अनडिफाइन्ड वर्तन पकडतो, आणि त्याच यंत्रणेने कंपाइल करतानाच स्थिरांकांचा हिशोबही होतो. एका लांब रूपावर इतकी कामं चालत असतील, तर ती लांबी वाया गेलेली नाही.

सगळंच मला पटलं आहे असंही नाही. मॅपमध्ये ‘की’ सापडली तर तिचा रेफरन्स परत द्या, नाहीतर नवी नोंद घालून तिचा द्या, अशा साध्या फंक्शनला नॉन-लेक्सिकल लाइफटाइम्स नकार देतात. पोलोनियस हा पुढचा बॉरो चेकर त्यासाठीच आखला गेला. रिलीज बिल्डमध्ये ओव्हरफ्लोची तपासणी मूळ सेटिंगनुसार बंद असते, हेही मला मान्य नाही. खोलीचं तापमान उलटं सांगणारं यंत्र वेगवान असून काय उपयोग? आमच्या कामात ती तपासणी रिलीजमध्येही चालू ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. प्रोफाइलमध्ये एक ओळ घालावी लागते, एवढंच. आणि मधल्या रूपातली भाषा त्रुटीच्या संदेशात प्रोग्रॅमरच्या अंगावर येऊ नये, हा माझा जुना आग्रह आजही कायम आहे. चूक दाखवताना त्याने लिहिलेल्या ओळीवरच बोट ठेवलं पाहिजे.

कणकवली असो, रत्नागिरी असो की पुणे, कंपायलर शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि शिकणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. मधल्या रूपाची व्याख्या पाठ करून थांबू नका. स्वतःचं पाच ओळींचं फंक्शन घ्या. रस्टच्या कंपायलरला एमआयआर छापायला सांगा, जीसीसीला गिम्पल छापायला सांगा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बेरीज कुठे फाटते, कॉल कुठे परततो, बॉरो कुठे संपतो हे बोट ठेवून वाचा. दोन्हींसाठी एकेक पर्याय द्यावा लागतो, पैसे लागत नाहीत. आपण वापरतो ती भाषा आपल्याला नेमकं काय वचन देते, हे त्या दोन पानांवर लिहिलेलं आहे. ते एकदा तरी वाचा.